शेऱ्याचा रकाना

सप्टेंबरअखेर यादी मागितली होती :
पंचाहत्तर टक्क्यांच्या खालचे सगळे,
बी.कॉम. पहिलं वर्ष, तुकडी ब.
वर मथळा मीच टाईप केला, गळती.
आमच्याकडं हा शब्द दोन ठिकाणी चालतो,
महापालिकेच्या पाइपलाइनीत आणि कॉलेजात.
दोन्हीकडं खड्डा खणून बघायला कुणी येत नाही.

चौतीस नावं. लाल पेन. पट्टी.
'नाव कमी करणे' म्हणतात याला दफ्तरात,
जणू भाजीत मीठ कमी करावं.

एकोणिसाव्या नावाशी पट्टी अडखळली.
श्रावंती बिंगी, विडी घरकुल. त्र्याहत्तर टक्के.
तिचे गै सांडलेले नव्हते, पेरलेले होते :
तीन ह, एक गै,
तीन ह, एक गै,
टॉवेलाच्या काठावरच्या नक्षीसारखे.

सत्तावीस वर्षं मी रजिस्टर वाचतोय.
आजार असा येत नाही.
प्रेमही नाही; ते सलग गैरहजर असतं.

घरी येऊन नळाखाली घागर लावली,
आणि घागर भरता भरता हिशोब लागला.
आमच्याही पेठेत चौथ्या दिवशीच.

दुसऱ्या दिवशी तिला खिडकीशी बोलावलं.
तिला वाटलं, फी राहिलीय.
ओढणीच्या टोकाला गाठ, गाठीत नोटा,
ती सोडायला लागली.
"फी नाही गं. चौथ्या दिवशी कुठं जातीस?"
तंबाखूच्या वासाची बोटं गजावर थांबली.
"पाणी यायलंय सर त्या दिवशी.
अम्मा कारखान्यात विड्या द्यायला जाती,
टाकी भरायला मीच."
मग हळूच :
"आमच्यात छाट म्हणतात सर.
वाकडी विडी बाजूला काढतात.
तिचे पैसे देत नाहीत, विडी पण परत देत नाहीत.
मी छाटमध्ये गेले काय?"

इतका सरळ अर्ज
माझ्या टेबलावर कधी आला नव्हता.

मी मोठं काही केलं नाही.
रजिस्टरात एक अक्षर वाढवलं : पा.
हिप्परगी मॅडमना दाखवलं, त्या अकौंट्सच्या,
ताळा जुळेपर्यंत चहा न पिणाऱ्या.
चष्मा वर करून म्हणाल्या,
"पा च्या दिवशीचा तास मग शनिवारी घेते."
शनिवारी सात जण बसले.
पुढच्या शनिवारी बावीस,
त्यात तिघं असे, ज्यांच्या घरी नळच नाही.

अक्षरं वाढत गेली.
मा, म्हणजे माग, रात्रपाळीचा. तौसिफ नदाफ.
पहिल्या तासाला त्याला झोपू द्यावं, दुसऱ्याला उठवावं.
दा, उत्पन्नाचा दाखला, तहसीलमध्ये अडकलेला.
आणि ला. लाज.
इंग्रजीच्या तासाला दारापर्यंत येऊन परत फिरणाऱ्यांचं.
हे अक्षर मी सगळ्यात जास्त वेळा लिहिलं.

"ही कुठली बाराखडी?" प्राचार्यांनी विचारलं.
म्हटलं, "साहेब, हा रकाना छापलेला होताच.
रिकामा जायचा."
सही केली त्यांनी.
वर पाठवायच्या तक्त्यात मात्र
अजूनही ह आणि गै, एवढीच जागा.

चौतीसातले नऊ तरीही गेले.
इरण्णा हत्तुरे पुण्याला, कुठल्याशा गोदामात.
दोनदा फोन लागला, तिसऱ्यांदा नंबर बंद.
त्याच्यापुढं मी काही लिहिलं नाही.
पट्टीही ठेवली नाही.

एप्रिलात, तापलेल्या पत्र्याखाली पेपर झाले.
श्रावंतीचा एक विषय राहिला, एटीकेटी.
जुलैत ती खिडकीशी आली,
दुसऱ्या वर्षाची पावती घडी करत.
"सर, उद्या पा हाय," म्हणाली,
आणि वळून एका नव्या पोरीला,
जी फॉर्म छातीशी धरून
रांगेत मागं मागं सरकत होती,
तेलुगूत काहीतरी म्हणाली.

मला तेलुगू येत नाही.
पोरगी पुढं आली, एवढं दिसलं.